गाडी अधूनमधून तापते? दोष शोधताना या चुका टाळा

रोज तापणाऱ्या गाडीचा दोष शोधणे तुलनेने सोपे असते. इंजिन चालू ठेवून गाडी गॅरेजमध्ये उभी केली की थोड्या वेळात दोष आपणहून समोर येतो. खरी पंचाईत होते ती कधीतरीच तापणाऱ्या गाडीची. तिचा तापमानाचा काटा एखाद्या दिवशी अचानक वर चढतो, काही मिनिटांनी आपोआप खाली येतो आणि मेकॅनिकपुढे उभी केल्यावर तीच गाडी अगदी शहाण्यासारखी वागते. मग अंदाजाने एकेक भाग बदलण्याचे सत्र सुरू होते: आधी थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर रेडिएटरकडची वाट उघडणारी झडप), मग रेडिएटरचे झाकण, मग कूलंट म्हणजे इंजिन थंड ठेवणारा द्रव फिरवणारा वॉटर पंप. यात नेम कधीतरी बसतोही, पण तोवर खर्च झालेला असतो आणि मधल्या काळात एकदा जरी इंजिन जास्त तापले, तरी सिलिंडर हेड (इंजिनाचा वरचा भाग) वाकण्याचा धोका असतो. अशा गाडीत दोषाचा सर्वांत भक्कम पुरावा एखाद्या भागात शोधण्याआधी ती नेमकी केव्हा तापते या प्रश्नाच्या उत्तरात शोधला पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. खालील चुकांपैकी निम्म्याअधिक चुका हा प्रश्न कोणी विचारलाच नाही म्हणून घडतात.

तापण्याची वेळ आणि परिस्थिती न नोंदवणे

गाडी सिग्नलला किंवा वाहतूक कोंडीत उभी असताना तापत असेल आणि मोकळ्या रस्त्यावर वेग घेताच काटा खाली येत असेल, तर संशय प्रथम हवेच्या प्रवाहावर घ्यावा. साधारण ताशी ५०-६० किलोमीटरच्या पुढे समोरून येणारा वाराच रेडिएटरला पुरतो, पण गाडी उभी असताना सारी भिस्त पंख्यावर असते. याउलट संथ वाहतुकीत गाडी थंड राहते आणि महामार्गावर, चढावर किंवा भरपूर सामान व माणसे असताना तापते, असे असेल तर पंख्याच्या मागे लागण्यात अर्थ नाही. तिथे कूलंटचा प्रवाह अपुरा पडत असतो किंवा रेडिएटरची उष्णता बाहेर टाकण्याची क्षमता कमी झालेली असते. आतून क्षार साचलेला रेडिएटर, शाफ्टवर सैल होऊन घसरणारे किंवा झिजलेले वॉटर पंपाचे पंखचक्र, जास्त वेगाने इंजिन फिरताना पंपाच्या ओढीने आत चेपला जाणारा रेडिएटरचा खालचा होज (रबरी नळी), पुढच्या बंपरखालचा वारा वळवणारा तुटलेला पत्रा, ही सगळी या गटातली कारणे आहेत.

तिसरा प्रकार कोणत्याच नियमात न बसणारा. कधी थंड सकाळी, कधी उतारावर, कधी पंधरवडाभर काहीच नाही. अशा वेळी अडकणारा थर्मोस्टॅट, यंत्रणेत शिरलेली हवा, सैल वायर किंवा हेड गॅस्केटची (सिलिंडर हेडखालच्या सीलची) सुरुवातीची गळती यांच्याकडे पाहावे लागते.

म्हणून गाडीत एक छोटी वही ठेवावी किंवा फोनमध्ये लिहून ठेवावे. गाडीचा वेग, चढ की सपाट रस्ता, एसी चालू होता का, इंजिन सुरू करून किती वेळ झाला होता, काटा हळूहळू चढला की एकदम उडाला, आणि वेग बदलल्यावर किंवा एसी बंद केल्यावर काय झाले, एवढे पुरे. अशा दोन-तीन नोंदी हाती असल्या की चांगल्या मेकॅनिकचे निम्मे काम झालेले असते.

डॅशबोर्डवरील काट्यावर डोळे मिटून विश्वास ठेवणे

बऱ्याच आधुनिक गाड्यांत तापमानाचा काटा खरे तापमान जसेच्या तसे दाखवत नाही. चालकाने उगाच घाबरू नये म्हणून साधारण ७५ ते १०५ अंश सेल्सिअसच्या मोठ्या पट्ट्यात तो मधोमध स्थिर ठेवलेला असतो. त्यामुळे काटा हलतो तेव्हा ‘आत्ताच तापायला लागली’ असे वाटले, तरी तापमान बराच वेळ वाढत आलेले असू शकते. गाडीच्या संगणकाच्या ओबीडी सॉकेटला स्कॅनर जोडून तापमानाचा आकडा थेट पाहणे हा यावरचा उत्तम उपाय आहे. फोनशी जोडता येणारे साधे अ‍ॅडॅप्टरही या कामाला पुरते, मात्र आकडा वाचण्याचे काम शेजारी बसलेल्या व्यक्तीकडे द्यावे.

काटा खोटेही बोलतो, आणि तेही दोन्ही बाजूंनी. इंजिनमधल्या एवढ्या धातूचे आणि कूलंटचे तापमान क्षणार्धात ३० अंशांनी चढत किंवा उतरत नाही. काटा एखाद्या खड्ड्यातून जाताना किंवा दिवे लावताच उडी मारत असेल, तर दोष बहुधा सेन्सरच्या कनेक्टरमध्ये, वायरिंगमध्ये किंवा अर्थिंगमध्ये आहे असे समजावे. सेन्सरचे सर्किट तुटले असेल, तर स्कॅनरवर अनेकदा उणे ४० अंश असा अशक्य आकडा दिसतो.

दुसरी बाजू अधिक धोक्याची आहे. कूलंट फार कमी झाले की सेन्सर द्रवाऐवजी हवेत किंवा वाफेत राहतो आणि इंजिन भाजून निघत असतानाही काटा चक्क खाली दिसू शकतो. हीटर गरम स्थितीवर असताना त्यातून अचानक थंड हवा येऊ लागली, तर काटा काहीही सांगो, गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करावे, कारण गरम कूलंट हीटरपर्यंत पोहोचत नाही एवढे त्यावरून स्पष्ट होते.

इंजिन गरम असताना रेडिएटरचे झाकण उघडणे

याबद्दल फार लिहिण्याची गरज नाही, तरी दरवेळी सांगावे लागते. पाणी आणि शुद्ध कूलंट यांचे निम्मे-निम्मे मिश्रण साध्या हवेच्या दाबाला सुमारे १०७ अंशांना उकळते. झाकणाने धरलेल्या सुमारे १ बार दाबाखाली हा उत्कलनबिंदू १२५ अंशांच्या पुढे जातो. झाकण उघडून हा दाब एकदम सोडला की आतला द्रव त्याच क्षणी उकळून चेहऱ्यावर उसळतो. वरचा होज हाताला कोमट लागून सहज दाबता येईपर्यंत झाकणाला हात लावू नये. तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतणेही तितकेच घातक आहे, कारण त्याने हेडला किंवा ब्लॉकला तडा जाऊ शकतो.

पंखा एकदा फिरताना पाहून तो ठीक आहे असे ठरवणे

कोंडीत तापणाऱ्या गाडीच्या बाबतीत सर्वाधिक दिशाभूल याच चुकीने होते. पंख्याच्या मोटरमधील कार्बन ब्रश झिजले की मोटर थांबताना ज्या स्थितीत थांबते त्यावर ती पुढच्या वेळी सुरू होणार की नाही हे ठरते. दहा वेळा ती चालते, अकराव्या वेळी रुसते. गाडी तापलेली असताना पंखा स्तब्ध दिसला, तर पात्याजवळ हात न नेता लाकडी दांड्याने मोटरच्या पाठीवर हलकेच टोकरून पाहावे. तेवढ्याने पंखा गरगर फिरू लागला, तर निदान झालेच म्हणून समजा. मोटर बदलायला हवी. टोकरूनही पंखा हलला नाही, तर कनेक्टरवर व्होल्टेज येते का ते मीटरने तपासावे. व्होल्टेज असून पंखा फिरत नसेल तर मोटर दोषी. व्होल्टेजच नसेल तर फ्यूज, रिले (पंख्याला वीज जोडणारा विजेवर चालणारा स्विच), तापमान स्विच आणि वायरिंग असा क्रम घ्यावा. रिलेचे संपर्कबिंदू काळे पडले की तोही गरम झाल्यावरच दगा देतो, आणि थंड असताना तपासला तर निर्दोष निघतो.

एसी चालू केला की बहुतेक गाड्यांत रेडिएटरचा पंखा फिरायला लागतो. म्हणून ‘एसी लावला की गाडी थंड होते’ अशी उलटी वाटणारी तक्रार आली, तर हसण्यावारी नेऊ नये. तिचा सरळ अर्थ असा की मोटर चालते आहे, पण तापमानानुसार तिला आज्ञा देणारे सर्किट किंवा पंख्याचा एखादा वेग नादुरुस्त आहे. पंखा बदलल्यानंतर तक्रार सुरू झाली असेल, तर तो उलट्या दिशेने तर फिरत नाही ना, हेही पाहावे. दोन तारांच्या मोटरची जोडणी उलटी झाली की पंखा जोरात फिरताना दिसतो, पण वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने हवा ढकलत राहतो.

जाता जाता एक गोष्ट. एसीचा कंडेन्सर (एसीची उष्णता बाहेर टाकणारी जाळी) रेडिएटरच्या पुढे असतो आणि दोघांमधल्या फटीत धूळ, कीटक आणि सुक्या पानांचा थर साचतो. पुढून जाळी स्वच्छ दिसते म्हणून कोणी तिकडे पाहत नाही. शक्य असेल तर इंजिनाच्या बाजूने पुढच्या दिशेला, कमी दाबाच्या पाण्याने तो धुवावा. जोरदार फवाऱ्याने पातळ पत्र्या आडव्या होतात आणि होती ती छिद्रेही बंद होतात.

थर्मोस्टॅट काढून टाकून प्रश्न मिटला असे समजणे

थर्मोस्टॅटमधील मेण ठरावीक तापमानाला, साधारणपणे ८२ ते ९५ अंशांच्या दरम्यान, वितळून फुगते आणि झडप उघडते. तो अडकत असल्याचा संशय आला की ‘काढूनच टाका’ हा सल्ला हमखास मिळतो. पण थर्मोस्टॅटविना इंजिन आवश्यक तापमानाला पोहोचतच नाही, संगणक इंजिन थंड समजून जास्त इंधन सोडत राहतो आणि झीज वाढते. काही इंजिनांत हीच झडप उघडताना बायपासचा मार्ग बंद करते. ती नसली की बरेचसे कूलंट रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनात फिरते आणि भार पडताच गाडी उलट जास्त तापते.

काढलेला थर्मोस्टॅट पातेल्यातील पाण्यात तळाला टेकणार नाही असा टांगून, शेजारी थर्मामीटर धरून पाणी तापवावे. त्यावर छापलेल्या तापमानाच्या आसपास तो उघडू लागला पाहिजे आणि थंड होताना पूर्ण मिटला पाहिजे. अधूनमधून अडकणारा थर्मोस्टॅट या एका परीक्षेत पासही होऊ शकतो. म्हणून ही परीक्षा पुन्हा पुन्हा करावी, आणि नोंदी त्याच्याकडेच बोट दाखवत असतील तर परीक्षेचा निकाल बाजूला ठेवून तो बदलावा.

झाकण आणि पातळी यांना क्षुल्लक मानणे

रेडिएटरच्या झाकणात दोन झडपा असतात. मोठी झडप दाब धरून ठेवते, आणि मधली लहान झडप इंजिन थंड होताना कूलंटच्या जादा टाकीतील कूलंट परत आत घेते. झाकण उलटे करून पाहिले तर रबराच्या कडेवर भेगा, कडकपणा किंवा पांढरट क्षार दिसतो. मधली चकती बोटाने हळूच ओढली की सुटून परत बसली पाहिजे. ती चिकटली असेल तर गाडी थंड झाल्यावर वरचा होज पोटात घेतल्यासारखा चपटा होतो. रबर गेले असेल तर दाब टिकत नाही, कूलंट लवकर उकळते, टाकीत उसळून बाहेर जाते आणि नंतर पातळी कमी का झाली हे कोणाला कळत नाही.

पातळी कमी दिसली की वरून पाणी ओतून मोकळे होणे ही सवय याच्याच जोडीची. बंद यंत्रणेतले कूलंट दर महिन्याला कमी होत असेल, तर ते कुठे जाते याचा शोध लागलाच पाहिजे. यंत्रणेला हातपंपाने दाब देऊन काही वेळ तो टिकतो का हे पाहणे, वॉटर पंपाखालच्या बारीक छिद्रापाशी वाळलेल्या कूलंटचे डाग शोधणे, हीटरच्या बाजूचा गालिचा ओला आहे का हे चाचपणे, एवढ्याने बहुतेक गळती सापडते. नळाचे जड पाणी ओतत राहिल्यास क्षार साचतात. वेगवेगळ्या रसायनांची कूलंट एकत्र केल्यास काही वेळा चिकट गाळ तयार होतो. गळती बंद करणारी पावडर किंवा द्रव तर रेडिएटर आणि हीटरच्या बारीक नळ्यांनाही तितक्याच इमानाने बुजवतो, त्यामुळे निदान संपेपर्यंत त्यापासून दूर राहावे.

कूलंट बदलल्यानंतर लगेच अशी तक्रार सुरू झाली, तर आधी आत अडकलेल्या हवेचा विचार करावा. हीटर पूर्ण गरमवर ठेवून, गाडीचे नाक थोडे उंच करून, एअर ब्लीडचा स्क्रू असेल तर तो उघडून, उत्पादकाने सांगितलेल्या क्रमाने हवा काढावी लागते. सांडलेले कूलंट मात्र लगेच पुसून घ्यावे. त्यातील इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि प्राण्यांसाठी जीवघेणे असते.

हेड गॅस्केटचा विचार फार घाईने किंवा फार उशिरा करणे

काही जण पहिल्याच तापण्याला हेड उतरवायला निघतात. काही जण ऑइलमध्ये दुधासारखा फेस दिसत नाही म्हणून गॅस्केट शाबूत असल्याचे जाहीर करतात. दोन्ही चूक. गॅस्केटची गळती सुरुवातीला फक्त ज्वलनकक्षातून कूलंटमध्ये असू शकते, तेव्हा ऑइल स्वच्छच राहते. भार पडल्यावर जास्त दाबाचा वायू कूलंटमध्ये घुसतो, त्याचा बुडबुडा अडकतो, काटा चढतो, आणि बुडबुडा सरकला की सारे पूर्ववत होते. अधूनमधून तापण्याच्या तक्रारीत हे कारण सर्वाधिक फसवे आहे.

रात्रभर थंड झालेले इंजिन सुरू करावे आणि दोन-तीन मिनिटांत वरचा होज दाबून पाहावा. कूलंट अजून गार असताना होज दगडासारखा कडक झाला असेल, तर हा दाब उष्णतेचा असू शकत नाही. त्यानंतर टाकीच्या तोंडाशी निळ्या रसायनाची ज्वलनवायू चाचणी करावी. कार्बन डायऑक्साइड आढळला की निळा रंग पिवळा होतो. ही चाचणी थंड गाडीवर घाईने उरकली तर नकारार्थी येऊ शकते, म्हणून गाडी चढावर चालवून आणल्यावर ती पुन्हा करावी. शंका उरली तर सिलिंडर लीक-डाउन चाचणी घेऊन कोणत्या सिलिंडरमध्ये हवा भरल्यावर कूलंटमध्ये बुडबुडे येतात ते पाहावे. हेड उतरवण्याचा निर्णय या चाचण्यांनंतरच घ्यावा, आणि उतरवल्यावर नवे गॅस्केट टाकण्यापूर्वी हेडचा सपाटपणा मोजून घ्यावा.

दुरुस्तीनंतर चुकीच्या परिस्थितीत तपासणी करणे

महामार्गावर तापणारी गाडी गॅरेजच्या दारात वीस मिनिटे उभी चालवून ‘आता ठीक आहे’ म्हणून परत दिली जाते, तेव्हा तपासणी झालेलीच नसते. ज्या नोंदींवरून दोष शोधला, त्याच परिस्थितीत गाडी चालवून पाहावी: तोच वेग, तसाच चढ, एसी चालू, स्कॅनरवर आकडा समोर. इंजिन बंद केल्यानंतर पंखा काही वेळ फिरत राहिला किंवा लगेच पुन्हा सुरू केल्यावर आकडा थोडा चढलेला दिसला, तर घाबरू नये. पंप थांबल्यावर धातूतील उष्णता कूलंटमध्ये उतरते, त्यामुळे तेवढी वाढ स्वाभाविक असते आणि इंजिन चालू होताच काही क्षणांत ती ओसरते. दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना, टाकीतील पातळी पुन्हा खुणेशी ताडून पाहावी. ती उतरली असेल तर हवा निघण्याचे काम अजून बाकी आहे किंवा गळती शिल्लक आहे, आणि वहीत पुढची नोंद तिथूनच सुरू करावी.