मेंदूच्या ऑर्गनॉइडमधून विषाणूबाधित पेशी वेगळ्या करताना या चुका टाळा

ऑर्गनॉइड म्हणजे स्टेम पेशींपासून प्रयोगशाळेत वाढवलेला मेंदूच्या ऊतीचा छोटा गोळा. त्याला जीएफपी (हिरवं चमकणारं प्रथिन) बनवणारा विषाणू देतात आणि मग सॉर्टर, म्हणजे पेशी चमकीनुसार वेगळ्या करणारं मशीन, वापरतात. सॉर्टरमधून हिरव्या पेशी आल्या म्हणजे बाधित पेशी मिळाल्या, असं धरून चालणं ही सर्वांत महागात पडणारी चूक. मेलेल्या पेशी विषाणू नसतानाही चमकतात, आणि ती चमक हिरव्या चॅनेलमध्ये हमखास दिसते. ऑर्गनॉइडला रक्तवाहिन्या नसतात. तो काही मिलिमीटरचा झाला की गाभ्यात ऑक्सिजन पोचत नाही आणि आतल्या पेशी मरतात. म्हणून गेट (कोणती पेशी ‘पॉझिटिव्ह’ धरायची याची सीमा) ठरवायचं ते मॉकवर: त्याच बॅचचा, त्याच वयाचा, त्याच दिवशी तसाच सुटा केलेला, फक्त विषाणू न दिलेला ऑर्गनॉइड. सपाट कल्चरवरून (डिशच्या तळावर थरात वाढवलेल्या पेशींवरून) उचललेलं गेट इथे चालत नाही.

उलट बाजूही तितकीच फसवी. संसर्ग ताजा असेल तर जीएफपी अजून तयारच झालेलं नसतं. शिवाय अनेक आरएनए विषाणू पॅसेज (नव्या पेशींत पुन्हा पुन्हा वाढवण्याच्या फेऱ्या) वाढत गेले की बाहेरून घातलेलं जनुक, म्हणजे इथे जीएफपीचं, टाकून देतात. निगेटिव्ह (न चमकणाऱ्या पेशींच्या) ट्यूबमध्येही आरटी-क्यूपीसीआर या आरएनए मोजणाऱ्या चाचणीने विषाणूचा आरएनए तपासा, आणि तोवर त्या पेशींना ‘निरोगी’ म्हणू नका.

पेशी सुट्या करताना ट्रिप्सिन हे प्रथिनं कापणारं विकर जास्त वेळ ठेवलं तर पृष्ठभागावरची प्रथिनं कापली जातात आणि पेशी ओळखायला वापरायच्या अँटीबॉडीला बसायला जागाच उरत नाही. त्यापेक्षा पपेन हे विकर बरं. फुटलेल्या पेशींच्या डीएनएमुळे गुठळ्या होतात, त्यावर डीएनेज, म्हणजे डीएनए कापणारं विकर. पण त्याला मॅग्नेशियम लागतं, त्यामुळे त्याच मिश्रणात मॅग्नेशियम बांधून ठेवणारं ईडीटीए घातलं तर डीएनेज निकामी. ईडीटीए नंतर, सॉर्टिंग बफरमध्ये. 40 मायक्रॉनच्या गाळणीतून गाळूनही जोड्या राहतातच, आणि बाधित पेशीला चिकटलेली निरोगी पेशी मशीनला ‘पॉझिटिव्ह’च दिसते. एफएससी-ए विरुद्ध एफएससी-एच (पेशीच्या प्रकाश-संकेताचं क्षेत्रफळ विरुद्ध उंची) हा जोड्या ओळखणारा प्लॉट वगळू नका. न्यूरॉनसाठी 100 मायक्रॉनचं नोझल (पेशी ज्यातून बाहेर पडतात ते तोंड) आणि कमी दाब.

पेशी फिक्स करणार (रसायनाने आहे त्या स्थितीत स्थिर करणार) असाल तर डीएपीआय किंवा प्रोपिडियम आयोडाइड या रंगांनी जिवंत-मृत कळणार नाही. फिक्सेबल डाय (फिक्स केल्यावरही टिकणारा जिवंत-मृत ओळखायचा रंग) घ्या, फिक्स करण्याआधी आणि प्रथिन नसलेल्या बफरमध्ये. फिक्स न करता सॉर्ट करायचं तर नोझल तुंबल्यावर एरोसोल (हवेत तरंगणारे सूक्ष्म थेंब) उडतो, हे धरूनच जैवसुरक्षेची परवानगी घ्या.

एका गोष्टीवर पक्का तोडगा नाही. बाधित पेशी बहुधा आधी मरतात, म्हणजे मृत पेशी वगळणारं गेट नेमक्या त्याच पेशी फेकतं. निदान मॉक आणि बाधित, दोन्ही नमुन्यांत मृतांचं प्रमाण गेट लावण्याआधी मोजून निकालासोबत द्या.