मुलांसाठी बंक बेड घेताय? पलंगाआधी खोली मोजा आणि या चुका टाळा

मुलांना बंक बेडची ओढ बहुधा रेल्वेतून लागते. गाडीत पाऊल टाकल्या टाकल्या ‘वरचा बर्थ माझा’ म्हणून भांडण सुरू होतं आणि गावाहून परतल्यावर मागणी येते, आपल्या खोलीतही तसंच करूया. दोन मुलं, एक छोटी खोली आणि अभ्यासाच्या टेबलालाही जागा नाही, अशा घरात ती मागणी आई-बाबांनाही पटते. आम्हालाही पटली.

डोंबिवलीतल्या आमच्या घरात मुलांची खोली दहा बाय दहाची. थोरली तेव्हा आठ वर्षांची, धाकटा पाचचा. दुकानात आम्ही लाकूड ठोकून पाहिलं, रंग निवडला, ड्रॉवर ओढून पाहिले, पलंगाची लांबी-रुंदी टेपने मोजली. पलंग घरी आला, कारागिरांनी जोडून दिला. थोरली वर चढली, चादर घालायला गुडघ्यांवर उभी राहिली, आणि तिचं डोकं पंख्याच्या पात्याला टेकलेलं मला खालून दिसलं. पंखा बंद होता. त्या रात्री पलंग रिकामा राहिला आणि मुलं हॉलमध्ये झोपली.

त्यानंतर कुणाकडे बंक बेड दिसला की मी वर चढून बघते. बहिणीकडे, शेजाऱ्यांकडे, मैत्रिणीकडे. त्याच त्या चुका सापडतात.

पंखा न मोजणं

ही सगळ्यात मोठी चूक. परदेशी दुकानांची सुंदर छायाचित्रं पाहून आपण पलंग निवडतो, पण त्या खोल्यांमध्ये बहुतेकदा छताला पंखा नसतो. आपल्या प्रत्येक खोलीत तो असतो.

हिशेब सोपा आहे. फ्लॅटमधल्या खोलीची उंची साधारण नऊ ते साडेनऊ फूट. नऊ फुटांच्या खोलीत पंख्याची पाती छतापासून फूटभर खाली, म्हणजे जमिनीपासून आठ फुटांवर फिरतात. वरच्या गादीची उंची पाच फुटांच्या आसपास येते. उरले तीन फूट. आठ वर्षांचं मूल गुडघ्यांवर उभं राहिलं की तेवढं भरतं, आणि नुसतं बसून हात वर केला तर त्याच्याही वर जातं. पीओपीचं छत असेल तर आणखी अर्धा फूट गेला. मूल वर जाऊन फक्त झोपत नाही, ते चादर झटकतं, उशी उडवतं, खालच्याला खेळणं फेकून देतं.

आता आडवं अंतर पाहा. घरातला नेहमीचा पंखा १२०० मिलिमीटरचा असतो. मधल्या दांड्यापासून पात्याच्या टोकापर्यंत दोन फूट. दहा बाय दहाच्या खोलीत पंखा मधोमध असेल, तर पात्याचं टोक भिंतीपासून तीन फुटांवर येतं. तीन फुटी गादी, तिच्या दोन्ही बाजूंची चौकट आणि भिंतीची स्कर्टिंग धरली की पलंग सव्वातीन फूट होतो. म्हणजे पातं पलंगाच्या कडेवर तीन इंच येऊनच फिरणार. ९०० मिलिमीटरचा लहान पंखा बसवला तरी मोकळी जागा जेमतेम तीन इंच मिळते. मुलाचा हात त्याहून कितीतरी लांब जातो. त्यामुळे ‘छोटा पंखा लावू’ किंवा ‘त्याला सांगून ठेवू’ हे उपाय नाहीत.

आम्ही छताचा पंखा काढला. समोरच्या भिंतीवर जाळीचा पंखा बसवला, वरच्या पलंगावरून हात पोचणार नाही एवढ्या अंतरावर. खालच्या पलंगाला वरच्या फळ्यांमुळे वारा लागत नाही, म्हणून तिथे पायाकडच्या भिंतीवर दुसरा लहान पंखा. छतात रिकामा हुक दिसतो, दिसू दे. नवीन घराची वायरिंग करत असाल तर पंख्याचा पॉइंट भिंतीवर आत्ताच काढून घ्या. पलंग पंख्यापासून दूरच्या कोपऱ्यात सरकवता येईल एवढी खोली मोठी असेल, तर चांगलंच. पण तेव्हाही वर बसून, हात पूर्ण लांब करून बघा. हे मोठ्या माणसाने करायचं, पंखा बंद ठेवून.

जाड गादी आणि बुटका कठडा

कठड्याची उंची पलंगाच्या फळीपासून मोजली जाते आणि मूल झोपतं गादीच्या वर. हे साधं वजाबाकीचं गणित दुकानात कुणी मांडत नाही. बारा इंची कठडा दिसायला भक्कम वाटतो. त्यावर आठ इंची स्प्रिंगची गादी टाकली की उरतात चार इंच. झोपेत कुशीवर वळणारं मूल एवढ्यावर अडत नाही.

अमेरिकेतल्या नियमात गादीच्या पृष्ठभागापासून कठडा किमान ५ इंच वर लागतो. युरोपच्या मानकात हेच अंतर १६ सेंटिमीटर, म्हणजे सव्वासहा इंच आहे. मला युरोपचा आकडा जवळचा वाटतो. बारा इंची कठड्यात तो पाळायचा तर वरची गादी पावणेसहा इंचांहून जाड चालणार नाही. चार इंची फोमची गादी मुलांना पुरते. आजीने मायेने भरून घेतलेली कापसाची गादी तिच्यावर अंथरायचा मोह होतो. ती खालच्या पलंगावर घाला, वर नको.

लांबी-रुंदीही बरोबर जुळली पाहिजे. ७२ इंची आणि ७५ इंची गाद्या दुकानात शेजारी शेजारी असतात. चुकून आखूड गादी आली तर पायाकडे तीन इंचांची खाच राहते आणि तिथे पाय अडकतो.

भिंत आहे, मग तिकडे कठडा कशाला?

सुतारही हेच विचारतात. पलंग भिंतीला टेकलेला आहे असं आपल्याला वाटतं, पण स्कर्टिंग, खिडकीची चौकट, पडद्याची दांडी यांमुळे तो थोडा पुढे राहतोच. शिवाय मुलं वर खेळली की दर आठवड्याला अर्धा-पाऊण इंच सरकतो. त्या फटीत झोपलेल्या मुलाचं शरीर घसरतं, डोकं मात्र अडकतं. पडण्यापेक्षा हा धोका भयंकर, कारण पडलं तर आवाज होतो, अडकलं तर होत नाही. अमेरिकेत जून २००० पासून बनलेल्या बंक बेडना भिंतीकडच्या बाजूलाही सलग कठडा सक्तीचा आहे.

कठड्याच्या दांड्यांमधल्या फटींनाही हेच लागू. तिकडच्या नियमात वरच्या पलंगाच्या कठड्यातली कोणतीही फट साडेतीन इंचांहून मोठी चालत नाही. गादीच्या वरची फट सगळे पाहतात. कठड्याची खालची पट्टी आणि गादी यांच्यामधली फट मात्र कुणाच्या लक्षात येत नाही. गादी हाताने दाबून ती मोजा. मुलाच्या वजनाने ती तेवढी दबणारच आहे.

सहाच्या आतलं मूल वर

सहा वर्षांपेक्षा लहान मुलाला वरच्या पलंगावर झोपवू नये, असं अमेरिका आणि युरोप दोन्हीकडे पलंगावरच्या सूचनेत लिहिलेलं असतं. ‘आमचा चपळ आहे’ हे मीही म्हटलं होतं. चपळता दिवसा असते. रात्री दोनला शू लागलेलं मूल अर्धवट झोपेत उठतं, तेव्हा आपण उंचावर आहोत हेच त्याच्या लक्षात येत नाही. झोपेत चालणारं, वारंवार फिट येणारं किंवा तापाने फणफणलेलं मूल कितीही मोठं असो, खालीच झोपू द्या.

धाकटा सहाच्या आत आहे आणि दिवसा वर चढायला बघतो, ही प्रत्येक घरातली अडचण. काढता येणारी शिडी असेल तर ती दुपारी काढून ठेवता येते. जिन्याचा पलंग असेल तर ती सोय नाही, हे घेतानाच लक्षात घ्या.

शिडी

दुकानात बूट घालून शिडी तपासू नका, अनवाणी चढा. गोल लोखंडी नळीच्या पायऱ्या तळपायाला रुततात, मग मुलं शिडी सोडून खालच्या पलंगाच्या कडेवरून चढू लागतात. चपट्या, तीनेक इंच रुंद पायऱ्या हव्यात, आणि शिडी वर नुसती अडकवलेली नाही तर बोल्टने धरलेली हवी. वर पोचल्यावर धरायला मूठ आहे का, तेही पाहा. मुलं चढताना सहसा पडत नाहीत, उतरताना पहिली पायरी पायाने शोधताना पडतात. पायथ्याशी रात्रभर मंद दिवा राहू द्या. आणि तिथे टेबलाचा कोपरा किंवा स्टूल नको.

जागा असेल तर ड्रॉवरचा जिना मला शिडीपेक्षा आवडतो. तो दीड-दोन फूट जागा खातो, पण पाठ करून उतरावं लागत नाही.

वर टांगलेल्या दोऱ्या

मच्छरदाणीच्या चार दोऱ्या कठड्याला बांधायच्या, हे आपल्याकडे सर्रास होतं. त्यात ओढणीचा तंबू, उडीची दोरी, शाळेच्या ओळखपत्राची पट्टी, मोबाइलची चार्जिंग वायर यांची भर पडते. उंचावरून लोंबणारी कोणतीही दोरी गळ्याला फास लावू शकते. वरच्या पलंगासाठी खिडकीला जाळी बसवून घेणं हा मच्छरांवरचा खरा उपाय. ग्रिल नसलेल्या खिडकीला लागून तर बंक बेड नकोच.

सुताराकडून करून घेताना

सुतार चांगला असेल तर मी घरी करून घेण्याच्या बाजूची आहे, कारण खोलीप्रमाणे उंची कमी-जास्त करता येते. भार पेलणारे भाग भुशाच्या पार्टिकल बोर्डाचे नकोत, त्यात स्क्रूची पकड टिकत नाही. सागवान किंवा १९ मिलिमीटरचा चांगला प्लाय घ्या. पाण्यात टिकणारा मरीन प्लाय हवा असेल तर त्यावर आयएस ७१० छापलेलं असतं. उभे खांब आणि आडव्या पाट्या नुसत्या स्क्रूवर ठेवू नका, आरपार बोल्ट आणि वॉशर लावायला सांगा. वरच्या गादीखाली अखंड प्लाय टाकला तर पावसाळ्यात गादीच्या तळाला बुरशी येते. पट्ट्या टाका, दोन-तीन इंचांच्या अंतराने, आणि प्रत्येक पट्टी स्क्रूने पक्की.

पलंग भिंतीत बांधायचा तर भिंत कसली आहे ते विचारा. नव्या टॉवरमध्ये भिंती बहुधा एएसी ब्लॉकच्या, म्हणजे हलक्या सच्छिद्र काँक्रीटच्या असतात. त्यात नेहमीचा प्लास्टिकचा गिट्टा सैल होतो, वेगळे अँकर लागतात.

कुणाचा वापरलेला जुना पलंग घेत असाल, तर त्याचा रंग घासून नव्याने द्यायचा विचार जपून करा. घरगुती रंगात दहा लाख भागांमागे ९० भागांपेक्षा जास्त शिसं नको, हा नियम आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगाची पूड घरात उडू देऊ नका. लहान मुलं कठडा चावतात हेही लक्षात ठेवा.

पलंग घरात आहे आणि कुरबुरी सुरू झाल्या आहेत

करकर आवाज येतो: बहुधा बोल्ट ढिले. एकाने पलंग हलवायचा, दुसऱ्याने एकेका सांध्यावर हात ठेवायचा. जिथे कंप जाणवेल तो सांधा. आवळूनही लाकडावर लाकूड घासत असेल तर मधे मेणबत्तीचं मेण चोळा. तेल नको, धूळ बसते. पावसाळा सुरू होताना आणि संपल्यावर सगळे बोल्ट एकदा पान्याने आवळायचेच, हवेतल्या ओलीने लाकूड फुगतं आणि नंतर आकसतं.

स्क्रू गरगर फिरतो, पकडत नाही: कप्प्याच्या दाराच्या बिजागरीचं भोक असेल तर काडी आणि फेविकॉल भरून भागतं. शिडीच्या किंवा खांबाच्या सांध्याला ही मलमपट्टी करू नका, तिथे आरपार बोल्टच लावा. तोवर वर कुणी झोपायचं नाही.

वर फार उकडतं: एप्रिल-मेमध्ये छताजवळ हवा तापतेच, गच्चीखालचं घर असेल तर स्लॅबच भाजत असतो. तेवढे दोन महिने वरच्याची गादी खाली जमिनीवर आली तरी काही बिघडत नाही. एसी असेल तर उलट, त्याचा झोत थेट वरच्याच्या तोंडावर येतो का पाहा.

वरचं मूल रात्री घाबरतं: आग्रह धरू नका. आमची थोरली पहिले दहा दिवस फक्त वाचायला वर जायची आणि झोपायला खाली यायची. वर एक लहान बॅटरीचा दिवा आणि पाण्याची बाटली ठेवायला कप्पा लावला, मग ती आपणहून राहिली.

पाहुणे आले की त्यांना वर पाठवलं जातं: आधी पलंगाची वजनाची मर्यादा पाहा. सुताराने केलेल्या पलंगाला लेबल नसतं, त्याच्याकडून स्पष्ट विचारून घ्या. कोणत्याही बंक बेडवर वर एका वेळी एकच मूल. गोष्ट सांगायला बाबांनी खालीच बसायचं.

आणि मूल पडलंच तर: रडून शांत झालं म्हणून लगेच झोपवून विसरू नका. बेशुद्ध झालं, उलट्या झाल्या, नेहमीपेक्षा सुस्त वाटलं, असंबद्ध बोलू लागलं, झटके आले किंवा डोकेदुखी वाढत गेली, तर थेट रुग्णालयात न्या. मान दुखते म्हणत असेल तर त्याला उचलून उभं करायची घाई करू नका, तिथेच स्थिर ठेवून मदत बोलवा. १०८ला फोन केला की रुग्णवाहिका येते. हा नंबर आम्ही मुलांच्या खोलीच्या दाराआड मोठ्या अक्षरांत चिकटवला आहे.

धाकटा गेल्या महिन्यात सहा वर्षांचा झाला. वाढदिवसाच्या रात्री तो वर झोपला, मी खाली झोपले. पहाटे चारला त्याला शू लागली. त्याने वरून मला हाक मारली, वळून पाय सोडला, पहिली पायरी चाचपून शोधली आणि एकेक करत उतरला.