कालव्याच्या कडेने सायकल: सपाट वाट कशी शोधायची आणि कशी पार करायची

देशावर सायकलला सपाट आणि गाड्यांपासून मोकळी वाट हवी असेल तर कालवा शोधा. नीरा, मुठा, प्रवरा, गोदावरी, जायकवाडी या प्रत्येक कालव्याच्या कडेला पाटबंधारे खात्याने देखरेखीसाठी रस्ता ठेवलेला आहे. गावात त्याला कॅनॉलचा रस्ता म्हणतात, खात्याच्या भाषेत सेवा पथ. एकट्या पैठणच्या जायकवाडी धरणाच्या डाव्या (प्रवाहाच्या दिशेने पाहता नदीच्या डाव्या अंगाच्या) कालव्याची लांबी २०८ किलोमीटर आहे आणि उजव्याची १३२.

ही वाट सपाट असते ती पाण्यामुळे. मोठ्या कालव्याला किलोमीटरमागे जेमतेम १० ते ३० सेंटिमीटर उतार देतात. जास्त दिला तर पाणी काठ खरवडतं, कमी दिला तर गाळ बसतो. त्यामुळे कालवा टेकाड आलं की चढत नाही, त्याला वळसा घालतो. सायकलस्वाराला याचे दोन परिणाम कळायला हवेत. एक, अंतर वाढतं. गावरस्त्याच्या सव्वा ते दीडपट धरूनच दिवस आखा आणि नकाशावर प्रत्येक वळण धरून मोजा. दुसरा परिणाम पहिल्यांदा जाणाऱ्यांच्या लक्षात येत नाही: उतारच नसल्याने पाय सोडून बसायला मिळत नाही. पायडल अखंड चालू राहतं, बैठक बदलत नाही, मग तळहात आणि बसायची जागा बधिर होते. दर ८-१० किलोमीटरला उतरून पाच मिनिटं चाला. मुरमाच्या रस्त्यावर ताशी १२ ते १५ किलोमीटर हाच धरायचा वेग. पहिल्या खेपेला ४० किलोमीटर पुरेसे आहेत.

कोणत्या काठाने जायचं, हे नकाशा न पाहताही ओळखता येतं. कालवा नदीला समांतर, जरा वरच्या अंगाने जातो. माती नदीच्या बाजूला टाकून भराव केलेला असतो आणि चांगली वाट बहुधा त्या भरावावर असते. म्हणजे डाव्या कालव्यावर प्रवाहाच्या दिशेने निघालात तर पाणी तुमच्या डाव्या हाताला राहील, उजव्या कालव्यावर उजव्या हाताला. पलीकडच्या काठावर बहुतेक ठिकाणी पायवाट असते, ती एखाद्या शेताच्या कुंपणाला जाऊन संपते.

निघण्याआधी उपग्रह नकाशावर सगळा पट्टा मोठा करून पाहा. तीन गोष्टी शोधा. ओढा आडवा येतो तिथे कालवा जलसेतूवरून जातो किंवा सायफनने ओढ्याखालून जातो. जलसेतूवर अनेकदा हातभर रुंद कठडा असतो आणि बाजूला आधार नसतो, तिथे सायकल हातात धरून चाला किंवा खालून ओढा ओलांडा. सायफनपाशी वाट थेट ओढ्यात उतरते. पावसाळ्यानंतर महिनाभर तिथे पाणी असू शकतं, म्हणून जवळचा गावपूल आधीच हेरून ठेवा. तिसरी गोष्ट म्हणजे शहर. गावकुसाशी आलं की भरावाचा वर्दळीचा रस्ता होतो. पुण्यात मुठा कालव्याकाठी शांतता मिळेल या आशेवर जाऊ नका, हडपसर-लोणीच्या पुढे पूर्वेला सुरुवात करा.

सुरुवातीला एकच मार्ग सुचवायचा तर नीरा डावा कालवा. १८८०च्या दशकात झालेला हा कालवा वीर धरणापासून निघून पुरंदर, बारामती, इंदापूर तालुक्यांना पाणी देतो. पुणे-मिरज मार्गावरच्या नीरा स्टेशनला उतरा, निंबूतच्या बाजूने काठ धरा आणि प्रवाहाबरोबर बारामतीपर्यंत जा. कालवा बारामती शहरातूनच जातो आणि तिथून दौंडमार्गे पुण्याला रेल्वे आहे, त्यामुळे परतीची सायकल वाचते. सगळा पट्टा गावरस्त्याच्या जवळपास असल्याने कुठेही काही बिघडलं तर दोन-तीन किलोमीटरवर माणसं आणि चहा मिळतो. अस्तरीकरणाचं (कालव्याला आतून काँक्रीटचा थर देण्याचं) काम चालू असेल तर वाट खणलेली असते, तेवढा टप्पा रस्त्याने काढा. रेल्वेत सायकल न्यायची असेल तर ती पार्सल कार्यालयात नोंदवावी लागते. गाडीला लगेज डबा आहे का आणि त्या स्टेशनावर गाडी किती थांबते, हे आदल्या दिवशीच विचारा.

हंगाम फार महत्त्वाचा. पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून येतो आणि हे कालवे पूर्वेकडे वाहतात, म्हणजे धरणाकडून खाली जाताना वारा पाठीशी. पण काळ्या मातीचा टप्पा लागला की तो फायदा संपला. ओली काळी माती टायरला थरावर थर चिकटते, मडगार्ड आणि चाक यांच्यात घट्ट बसते आणि चाक फिरायचं थांबतं. पाऊस थांबल्यावर तीन कोरडी उन्हं पडू द्या, मगच जा. मडगार्डात दोन बोटं जाण्याइतकी फट नसेल तर मडगार्ड काढून ठेवा. दिवाळी ते फेब्रुवारीअखेर हा सगळ्यात चांगला काळ. मात्र त्याच वेळी उसाचं गाळप चालू असतं. दोन ट्रेलर जोडलेला ट्रॅक्टर लगेच थांबू शकत नाही आणि चालकाला मागचं दिसत नाही. गावपुलाजवळ भरावाची वाट रस्त्याला मिळते तिथे दर वेळी पाय टेकून दोन्हीकडे बघा.

पाण्याचं आवर्तन (शेतीसाठी ठरावीक मुदतीने सोडलेलं पाणी) सुटलेलं असेल तर वाट बदलते. शेतकऱ्यांचे पाइप भरावावर आडवे पडलेले असतात, गळतीने मधेच चिखल होतो. पाइप काटकोनात ओलांडा, तिरपं चाक घसरतं. ओलांडताना पाइपचा जोड हलवू नका, कुणाची तरी रात्रीची पाळी त्यावर अवलंबून असते. आवर्तनाच्या तारखा कालवा सल्लागार समितीच्या बैठकीनंतर स्थानिक वर्तमानपत्रांत येतात.

आता काटे. कालव्याकाठी वेडी बाभूळ आणि सराटे भरपूर, आणि बऱ्याच फेऱ्या पंक्चरनेच बिघडतात. टायर किमान ३५ मिलिमीटर रुंद हवा, ४० उत्तम. सत्तर किलोच्या स्वाराला ४० मिलिमीटरच्या टायरमध्ये ४० ते ४५ पीएसआय हवा पुरते, जाड गुटक्यांच्या २६ इंची टायरमध्ये ३० ते ३५. रस्त्यासारखी टणक हवा भरली तर मुरमावर चाक उडतं आणि काटाही खोल शिरतो. ट्यूबच्या व्हॉल्व्हची सुई निघत असेल तर प्रत्येक ट्यूबमध्ये ६० ते १०० मिलिलीटर सीलंट (भोक आतून आपोआप बुजवणारा द्रव) आधीच घाला.

काटा दिसला की लगेच उपटायची सवय घातक आहे. सीलंट असेल तर उपटा, भोक खाली ठेवून चाक फिरवा आणि मिनिटभर थांबा. सीलंट नसेल आणि हवा हळूहळू जात असेल तर काटा तसाच राहू द्या, तोच बुचाचं काम करतो. हवा भरत पुढच्या सावलीपर्यंत जा. ट्यूब बदलताना टायरच्या आतून सुती फडकं फिरवा. काट्याचं मोडकं टोक बोटाला लागण्याआधी सुतात अडकतं. हे न करता नवी ट्यूब घातली तर तीही शंभर पावलांत बसते. पॅच लावताना ट्यूब काचकागदाने घासा, सोल्युशन पातळ लावा आणि चार-पाच मिनिटं थांबा. ते ओलं चकाकत असताना पॅच दाबला तर उन्हात तो सुटणारच.

बरोबर दोन ट्यूब, आठ पॅच, दोन टायर लिव्हर, पंप आणि चेनचा एक जोड ठेवा. बारीक तोंडाचा प्रेस्टा व्हॉल्व्ह असेल तर पितळी अडॅप्टर विसरू नका, गावातल्या पंक्चरवाल्याचा पंप त्याला लागत नाही. पिण्याचं पाणी माणशी किमान दोन लिटर घ्या. कालव्याचं पिऊ नका, त्यात शेतातलं आणि गावातलं सगळं येतं.

कालव्यात हातपाय धुवायलासुद्धा उतरू नका. अस्तर केलेल्या कालव्याचे उतरते काठ शेवाळाने निसरडे असतात आणि पट्टीच्या पोहणाऱ्यालाही तिथून चढता येत नाही. सायफनच्या तोंडाशी पाणी आत ओढतं. उतरायचंच असेल तर बांधलेल्या पायऱ्यांवर, आणि तेही काठावर कुणी असताना. १५ मीटर दोर पिशवीत असू द्या. कुणी पडलं तर मागोमाग उडी घेऊ नका, दोर त्याच्या पुढे प्रवाहात टाका. पडलेल्याने प्रवाहाविरुद्ध पोहू नये. वाहत राहून पुढच्या पायऱ्या किंवा दोर पकडावा.

काठावरचे दगड वाचत चला. त्यांवर किलोमीटर आणि बांधकामांवर साखळी क्रमांक (कालव्याच्या सुरुवातीपासूनचं अंतर) असतो. फोनवर मदत मागताना 'डावा कालवा, अमुक किलोमीटर' एवढं सांगितलं तर पाटकरी (कालव्याचं पाणी सोडणारा खात्याचा माणूस) तुम्हाला नेमकं शोधतो. हा रस्ता खात्याचा आहे. अडसर लावलेला असेल किंवा प्रवेश बंदची पाटी असेल तर शाखा कार्यालयात विचारा, नाही म्हणाले तर मागे फिरा.

उसाच्या पट्ट्यात, विशेषतः जुन्नर, शिरूर, संगमनेर, राहुरीकडे, बिबट्या असतो. ऊन वर आल्यावर निघा आणि मावळतीच्या तासभर आधी भराव सोडा. वस्तीवरची कुत्री अंगावर आली तर वेग वाढवू नका. उतरा, सायकल मध्ये धरा आणि चालत पुढे जा, दहा पावलांनंतर ती परत फिरतात. मेंढ्यांचा कळप आला तर पाण्याच्या विरुद्ध बाजूला थांबा, म्हणजे कळप बिथरला तरी धक्क्याने तुम्ही कालव्यात जाणार नाही.

घरी आल्यावर माती सुकू द्या आणि ब्रशने झाडा. ओल्या मातीवर पाण्याचा जोराचा फवारा मारला तर ती बेअरिंगमध्ये शिरते. चेन पुसून थेंब-थेंब तेल घाला आणि टायर बोटांनी चाचपून घ्या, आज ट्यूबपर्यंत न पोचलेले काटे पुढच्या फेरीत पोचतात.