मेडिकल कॉलेजचा इतिहास लिहायला घेताय? मग आधी एवढं करा

स्मरणिका काढायची ठरली की कोणीतरी म्हणतं इतिहासाची चार पानं टाकूया, मग डीन लोकांची यादी आणि फोटो लागतात आणि झाला इतिहास. असं नका करू प्लीज. कसं करायचं ते मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेज आणि त्याला जोडलेल्या जेजे हॉस्पिटलवरून सांगते.

आधी कॉलेज आणि हॉस्पिटल वेगवेगळं धरा आणि दोन्हीकडे विचारा, नाव कोणाचं, पैसा कोणाचा? सर रॉबर्ट ग्रँट हे मुंबईचे गव्हर्नर, ते १८३८ मध्येच वारले, त्यांच्या स्मरणार्थ १८४५ ला कॉलेज सुरू झालं, म्हणजे त्यांनी ते बघितलंच नाही. हॉस्पिटलला नाव जमशेटजी जीजीभॉय यांचं, त्यांनी १ लाख रुपये दिले, आणि तो पैसा चीनबरोबरच्या कापूस-अफूच्या व्यापारातला होता हेही लिहायचं, दान मोठंच होतं पण म्हणून अर्धी गोष्ट झाकायची नाही.

मग विद्यार्थ्यांकडे या, खरी मजा इथे आहे. पहिली बॅच १८५१ ला बाहेर पडली, त्यात आपले भाऊ दाजी लाड, मूळचे गोव्यातल्या मांद्र्याचे. त्यांच्या नावापुढे एमबीबीएस लावू नका हां, मुंबई विद्यापीठच निघालं १८५७ ला, तोवर पदवी कॉलेज स्वतः द्यायचं, जीजीएमसी म्हणायचे तिला, म्हणजे ग्रॅज्युएट ऑफ ग्रँट मेडिकल कॉलेज. आणि पास झाल्यावर माणसाने काय केलं ते शोधा, भाऊ दाजींनी प्रॅक्टिस केली, कुष्ठरोगावर औषध शोधत राहिले आणि जोडीला जुने शिलालेखही वाचले. असा एकच विद्यार्थी नीट मांडला तर तो डीनच्या अख्ख्या यादीपेक्षा जास्त सांगतो असं माझं ठाम मत आहे.

शहरावर संकट आलं तेव्हा कॉलेजात काय चाललं होतं तेही बघा. १८९६ ला मुंबईत प्लेग आला, वाल्डेमार हाफकिन या शास्त्रज्ञाने ग्रँट मेडिकलमधल्याच लॅबमध्ये प्लेगची लस बनवली आणि १० जानेवारी १८९७ ला आधी स्वतःला टोचून घेतली.

मोठ्या पोस्टवर कोण होतं, इंग्रज की भारतीय, हा प्रश्न तर सोडूच नका. मुंबईचं केईएम हॉस्पिटल आणि त्याचं जीएस मेडिकल कॉलेज १९२६ ला उभं राहिलं ते याच प्रश्नातून, शिकवणारे डॉक्टर भारतीयच हवेत अशी देणगीदारांची अटच होती.

कागदपत्रांसाठी एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं पुराभिलेखागार आणि टाउन हॉलमधली एशियाटिक लायब्ररी गाठा. पण त्याआधी रिटायर झालेल्या सिस्टर, वॉर्डातले मामा, मावशी यांच्याकडे जा, कुठला वॉर्ड आधी कुठे होता, रात्री पेशंटचे नातेवाईक कुठे झोपायचे हे त्यांनाच माहीत असतं आणि ते कुठल्याच रिपोर्टात सापडत नाही. विचारून रेकॉर्डिंग करा, आणि जुने केस पेपर हाती लागले तर पेशंटचं नाव छापू नका, कितीही जुना असला तरी.