सरकारी दप्तर सांभाळताय? या चुका टाळा

आवक नोंदवहीत, म्हणजे आलेल्या कागदांना नंबर देऊन नोंदवायच्या वहीत, ओळी मोकळ्या सोडणं, ही सगळ्यात घातक सवय. "साहेबांचा एक कागद मागाहून येणार आहे, नंबर राखून ठेव," असं कोणीतरी सांगतं आणि नवा लिपिक मुकाट्याने दोन ओळी सोडतो. पुढे ओळी पुरत नाहीत, मग '४१२-अ' जन्माला येतो.

मुंबईतल्या एका कार्यालयात याची किंमत एका भाडेकरूने मोजली. चाळीच्या दुरुस्तीवरची त्याची हरकत मुदतीत आली होती. पण काउंटरवर पोच मागितली तेव्हा "नंतर या" म्हणून त्याची बोळवण झाली आणि नोंद पडली 'अ' लावून, दोन ओळींच्या मध्ये, वेगळ्या शाईत. सुनावणीत समोरच्या वकिलाने त्या नोंदीवर बोट ठेवलं. मग मागची पानं उलटून एकेक मोकळी ओळ दाखवली. हरकत खरी होती, पण वहीवरचाच विश्वास उडाला. हरकत मुदतबाह्य ठरली. ओळी सोडणाऱ्याची तोवर बदली झाली होती. याचा मला आजही संताप येतो.

माझा शिरस्ता सांगतो. कागद हातात नाही, तर नंबर नाही. मग सांगणारा कोणीही असो. पोच तिथल्या तिथे द्यायची. संध्याकाळी शेवटच्या नोंदीखाली लाल रेघ, तारीख, सही. चुकलं तर एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, शेजारी सही. व्हाइटनर टेबलावर नकोच.

पानांना क्रमांक न देता नस्ती, म्हणजे फाइल, स्कॅनिंगला पाठवू नका. मधलं पान सुटलं तर कोणाला कळणार?

ई-ऑफिसमध्ये, म्हणजे संगणकावरच्या सरकारी प्रणालीत, नस्ती पुढे सरकते आणि कागदी जोडपत्रं शिपायाच्या हाती तोंडी निरोपावर जातात, हेही थांबवा. सही घ्या. दोन मिनिटं वाचवायला निघालेले लोक नंतर दोन आठवडे कपाटं उपसतात.

'ड' वर्गाचे, म्हणजे थोड्याच काळासाठी ठेवायचे कागदही यादी आणि मंजुरीशिवाय फाडायचे नाहीत. प्रकरण कोर्टात किंवा माहिती अधिकाराच्या अपिलात असेल तर हातच लावू नका.

२१ जून २०१२ ला मंत्रालयाला आग लागली. तेव्हापासून मी एकच धोशा लावलाय: दप्तराची सूची दप्तराच्याच कपाटात ठेवू नका. एक प्रत दुसऱ्या इमारतीत हवी, नाहीतर काय जळालं हेही सांगता येत नाही.

आणि "नस्ती आढळून येत नाही" हे उत्तर टंकायची घाई नको. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ नुसार अभिलेख सूचीबद्ध ठेवणं हे कार्यालयाचंच काम आहे. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ मध्ये तर अभिलेख नियमबाह्य नष्ट केल्यास पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. आधी हालचाल नोंदवहीत शेवटची सही कोणाची ते बघा, त्याला लेखी विचारा. मग ज्या ज्या कार्यालयांना प्रती गेल्या होत्या तिथून त्या मागवा आणि नस्ती पुन्हा उभी करा. कोणतं पान कुठून आलं, ते त्या पानावरच लिहा.