थेटफर्डचे नामवंत: माणसाचे गावाशी असलेले नाते कसे तपासावे आणि कसे नोंदवावे

एखाद्या गावाच्या नामवंतांची यादी करायला बसले की नावे मिळण्याची अडचण सहसा पडत नाही. नावे पुष्कळ मिळतात. खरी अडचण असते ती 'संबंधित' या शब्दाची. मूळगाव, जन्मगाव, आजोळ, सासर, कर्मभूमी हे शब्द आपण मराठीत रोज वापरतो आणि त्यांत कधी गल्लत करीत नाही. पण यादी लिहिताना ही सगळी नाती एकाच 'संबंधित'मध्ये कोंबली जातात, आणि मग जन्मलेला कोण, दोन वर्षे राहून गेलेला कोण, हे वाचणाऱ्याला कळत नाही. ही यादी नेटकी कशी करावी हे इंग्लंडमधील नॉरफक काउंटीतल्या थेटफर्ड या लहान शहराच्या उदाहरणाने येथे सांगतो. हे शहर निवडण्याचे कारण असे, की १८४७ साली महात्मा फुल्यांच्या हाती जो 'राइट्स ऑफ मॅन' हा ग्रंथ पडला आणि ज्याचा त्यांच्या विचारांवर खोल ठसा उमटला, त्याचा लेखक थॉमस पेन थेटफर्डचा. त्या गावाची नोंद अचूक असावी, असे मराठी माणसाला मनापासून वाटले तर त्यात नवल नाही.

सुरुवात करताना वहीत प्रत्येक नावापुढे एक क्रियापद लिहावे: जन्मला, शिकला, राहिला, धंदा केला, पदावर होता, देणगी दिली, पुरला गेला. एका माणसाला दोन-तीन क्रियापदे लागू शकतात. प्रत्येकापुढे वर्ष आणि ते कोणत्या कागदावरून घेतले हे लिहावे. ज्या नावापुढे क्रियापद सुचतच नाही, ते नाव यादीत घेऊ नये. ही शिस्त किती उपयोगी आहे ते थेटफर्डमधील पेनच्या पुतळ्यापाशी दिसते. चार्ल्स व्हीलर या शिल्पकाराचा, सोन्याचा मुलामा दिलेला हा पुतळा १९६४ साली उभा राहिला. पेनच्या एका हातात लेखणी आहे आणि दुसऱ्या हातात त्याचाच ग्रंथ, तोही उलटा धरलेला. खाली चौथऱ्यावर त्याची ओळख जन्माने इंग्रज, ठरावाने फ्रेंच नागरिक आणि स्वीकाराने अमेरिकन अशी दिली आहे. तीन देश आणि तीन वेगळी नाती, प्रत्येकाला त्याचा नेमका शब्द. यादी करणाऱ्याने हाच कित्ता गिरवावा.

पेनच्या नोंदीवर अधिक वेळ घालवणे योग्य, कारण जुन्या इंग्रज माणसाची नोंद करताना येणाऱ्या बहुतेक अडचणी तिच्यात एकत्र भेटतात. पहिली अडचण जन्मतारखेची. त्याचा जन्म काही ठिकाणी २९ जानेवारी १७३६, तर काही ठिकाणी ९ फेब्रुवारी १७३७ असा दिलेला आढळतो आणि नवख्याला वाटते, की यातले एक चूक असणार. दोन्ही बरोबर आहेत. इंग्लंडने १७५२ साली दिनदर्शिका बदलली. त्यापूर्वी तेथील कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होत असे आणि तारखा नव्या पद्धतीहून ११ दिवस मागे होत्या. काही लेखक २९ जानेवारी १७३७ असेही लिहितात. त्यात वर्ष नव्या हिशोबाचे आणि दिवस जुन्या हिशोबाचा असतो. म्हणून १७५२ पूर्वीची जानेवारी, फेब्रुवारी किंवा मार्चची तारीख आली, की ती कोणत्या पद्धतीची आहे हे शेजारी लिहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

दुसरी अडचण आडनावाची. घराण्याचे आडनाव शेवटच्या 'ई' या अक्षराविना, म्हणजे Paine ऐवजी Pain असे, लिहिले जाई. १७७४ मध्ये अमेरिकेला गेल्यावर पेनने ते अक्षर जोडले असे पुष्कळदा सांगितले जाते, पण १७६९ साली ससेक्समधील लुइस गावी असतानाच तो ते वापरत होता. देवनागरीत दोन्ही रूपे 'पेन' अशीच दिसतात, त्यामुळे मराठीतून काम करणाऱ्याला ही खाच सहज निसटते; नोंदवहीत शोध घेताना मात्र दोन्ही इंग्रजी वर्णरूपे धरून शोधावे.

तिसरी अडचण धंद्याच्या नावाची. पेनचे वडील 'स्टे' बनवत आणि थेटफर्डच्या ग्रामर स्कूलमधून बाहेर पडल्यावर, साधारण तेराव्या वर्षी, मुलगाही वडिलांच्या हाताखाली तेच काम शिकू लागला. 'स्टे' म्हणजे जहाजाच्या डोलकाठीचा दोर असाही अर्थ होतो, आणि त्यामुळे काहींनी या कुटुंबाला जहाजाच्या दोरांशी जोडले आहे. येथे 'स्टे' म्हणजे स्त्रियांनी आतून घालायची, देवमाशाच्या तोंडातील लवचिक पट्ट्या शिवून ताठ केलेली, मागून दोरीने आवळायची कॉर्सेटसारखी चोळी. समुद्रापासून दूर असलेल्या या गावात हाच अर्थ जुळतो. जुन्या धंद्याचे नाव आले की त्या गावात तो धंदा कसा चालत असेल, हे डोळ्यांसमोर आणून पाहावे. पुष्कळ चुका तिथेच थांबतात.

राहिला 'पुरला गेला' हा रकाना. पेन ८ जून १८०९ रोजी न्यूयॉर्कमध्ये वारला आणि न्यू रोशेल येथील आपल्या शेतात पुरला गेला. १८१९ साली विल्यम कॉबेट या इंग्रज पत्रकाराने त्याच्या अस्थी उकरून स्मारकासाठी इंग्लंडला आणल्या. स्मारक झाले नाही आणि १८३५ मध्ये कॉबेट वारल्यावर अस्थींचा माग हरवला. म्हणजे थेटफर्डकडे त्याचा जन्म आहे, शाळा आहे, पुतळा आहे, पण समाधी नाही. असा रकाना अंदाजाने न भरता तसाच लिहावा.

दुसरे मोठे नाव पंजाबचे शेवटचे शीख राजे महाराजा दुलीपसिंग यांचे. शहरातील बटन आयलंडवर त्यांचा अश्वारूढ पुतळा १९९९ पासून आहे, म्हणून त्यांना थेटफर्डचे रहिवासी म्हणण्याचा मोह होतो. त्यांनी १८६३ मध्ये घेतलेली एल्वेडनची जहागीर शहरापासून सुमारे चार मैलांवर, पण सफक काउंटीत आहे. १८९३ मध्ये पॅरिसला त्यांचे निधन झाले आणि त्यांना एल्वेडनच्या चर्चच्या आवारात पुरण्यात आले. काउंटीची सीमा ओलांडली की कागदपत्रांचे दप्तरही बदलते, ही गोष्ट काम करताना सतत ध्यानात ठेवावी लागते. याच घराण्याचा एक धागा नाशिकला येतो: त्यांच्या आई राणी जिंदन यांचा देह १८६४ मध्ये इंग्लंडहून आणला गेला, पंजाबात नेण्यास इंग्रज सरकारने परवानगी नाकारली आणि अंत्यसंस्कार गोदाकाठी झाले. थेटफर्डच्या यादीत हे जाणार नाही, पण टिपणवहीत अवश्य असावे.

थेटफर्डशी खरे, कागदावर दाखवता येणारे नाते आहे ते महाराजांचे पुत्र प्रिन्स फ्रेडरिक यांचे. व्हाइट हार्ट स्ट्रीटवरील 'एन्शंट हाउस' हे लाकडी बांधणीचे ट्यूडर काळातील घर त्यांनी शहराला दिले आणि १९२४ मध्ये तेथे संग्रहालय उघडले. वडिलांपुढे 'जवळ राहिले', मुलापुढे 'देणगी दिली' असे लिहिले की दोघांचाही मान राहतो.

आता ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप करावा असे मला वाटते, ते नाव: डॉक्टर ॲलन ग्लेझर मिन्स. १८५८ साली बहामा बेटांवर जन्मलेले मिन्स वैद्यकीचे शिक्षण लंडनला घेऊन थेटफर्डमध्ये व्यवसाय करू लागले, १९०३ मध्ये नगरपरिषदेवर निवडून आले आणि १९०४ मध्ये मेयर, म्हणजे आपल्याकडचे नगराध्यक्ष झाले. ब्रिटनमधील पहिले कृष्णवर्णीय मेयर म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. केवळ जन्मलेल्यांची यादी केली तर हा माणूस निसटतो. म्हणून नगराध्यक्षांच्या याद्या, शाळांचे दाखले आणि स्थानिक वर्तमानपत्रे चाळल्याशिवाय यादी पुरी झाली असे समजू नये.

बरेल हे नाव थेटफर्डमधील वाफेच्या इंजिनांच्या कारखान्याचे; तेथे माणूस आणि कंपनी वेगळी नोंदवावी. नदीकाठी बाकावर बसलेल्या कॅप्टन मेनवेअरिंगचा पुतळा तर 'डॅड्स आर्मी' या ब्रिटिश दूरचित्रवाणी मालिकेतील काल्पनिक पात्राचा आहे. मालिकेचे बाह्यचित्रण थेटफर्डमध्ये झाले म्हणून तो तेथे आहे; माणसांच्या यादीत त्याला जागा नाही.

पडताळणीसाठी मुख्य साधने तीन. चर्चच्या नोंदवह्या १५३८ पासून सुरू होतात, पण त्यांत बाप्तिस्मा लिहिलेला असतो, जन्म नव्हे. आणि पेनच्या वडिलांसारखे क्वेकर पंथीय बाप्तिस्मा करीतच नसत, त्यांच्या जन्मनोंदी वेगळ्या वह्यांत शोधाव्या लागतात. सरकारी जन्ममृत्यू नोंदणी जुलै १८३७ पासूनची. जनगणनेत १८४१ ची नोंद सावधपणे वापरावी: पंधरा वर्षांवरील माणसांची वये तेथे बहुधा पाचाच्या पटीत खाली आणून लिहिलेली असतात आणि जन्मगाव दिलेले नसते. ते १८५१ पासून मिळते. १९३१ ची इंग्लंडची जनगणना आगीत नष्ट झाली आहे, ती शोधण्यात दिवस घालवू नयेत.

पुरी झालेली नोंद मग अशी दिसते: 'मिन्स, ॲलन ग्लेझर, डॉक्टर. जन्म १८५८, बहामा. थेटफर्डमध्ये वैद्यकीय व्यवसाय, नगरपरिषद सदस्य १९०३, मेयर १९०४.' पुढच्या ओळीत, प्रत्येक वर्ष कोणत्या कागदावरून घेतले ते.