‘उद्या’ म्हणजे कधी? कॉलेजच्या कार्यक्रमांच्या सूचना देताना या चुका टाळा

गुरुवारी सकाळी अकराला सेमिनार हॉलच्या कुलूपबंद दारासमोर पंधरा-वीस मुली वह्या घेऊन उभ्या होत्या. व्याख्यान बुधवारीच होऊन गेलं होतं. चूक माझी. मंगळवारी संध्याकाळी मी ग्रुपवर टाकलं होतं, ‘उद्या सकाळी ११ वा. सेमिनार हॉलमध्ये व्याख्यान, सर्वांनी उपस्थित राहावे.’ कुणीतरी तो मेसेज बुधवारी दुपारी द्वितीय वर्षाच्या ग्रुपवर पुढे ढकलला. त्या मुलींच्या दृष्टीने ‘उद्या’ म्हणजे गुरुवार, आणि त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. किल्ल्यांचा जुडगा हातात घेऊन शिपाईमामा माझ्याकडे बघत म्हणाले, “सर, यांना कुणी बोलावलं?”

तालुक्याच्या गावातल्या कॉलेजात सांस्कृतिक विभाग आणि एनएसएस, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजना, सांभाळताना अशा बऱ्याच फजित्या पदरात पडल्या. कार्यक्रमाला गर्दी झाली नाही की आपण म्हणतो, हल्लीच्या मुलांना रसच नाही. निम्म्या वेळा सूचनाच धड नसते. आपण ती लिहून मोकळे होतो, पण वाचणारा ती उशिरा, अर्धवट आणि एसटीत उभ्याने वाचत असतो.

तारीख

आज, उद्या, परवा, येत्या शनिवारी हे शब्द सूचनेतून हद्दपार करा. वार, तारीख, महिना, वर्ष आणि वेळ ही पाचही हवीत. वर्ष कशाला, असं विचाराल. गेल्या वर्षीच्या स्नेहसंमेलनाचं पोस्टर यंदा पुन्हा फिरायला लागलं की कळतं कशाला. आणि वार-तारीख दोन्ही लिहिल्यावर ऑफिसच्या भिंतीवरच्या कालनिर्णयमध्ये एकदा बघा. ‘गुरुवार, दि. १३’ लिहिलं आणि तेरा तारखेला शुक्रवार निघाला, तर निम्मे एका दिवशी येतात, निम्मे दुसऱ्या दिवशी.

‘१२ तारखेला रात्री १२ वाजेपर्यंत अर्ज भरावेत’ ही याचीच जुळी बहीण. अकरा संपून बारा लागते ती रात्र की बारा संपून तेरा लागते ती? मी आता थेट ‘१२ तारखेला रात्री ११.५९ पर्यंत’ लिहितो. दिसायला विचित्र, पण त्यानंतर एकही फोन आलेला नाही.

आधी साहेब, मग कार्यक्रम

आपल्याकडची निमंत्रणपत्रिका उघडा. संस्थेचे अध्यक्ष, उपाध्यक्ष, सचिव, प्रमुख पाहुणे, प्राचार्य, मग समन्वयक, आणि सगळ्यात खाली मुंगीएवढ्या अक्षरात स्थळ आणि वेळ. साहेबांचं नाव गाळा असं मी म्हणणार नाही, मलाही इथेच नोकरी करायची आहे. पण पत्रिका वेगळी आणि सूचना वेगळी. पत्रिका मान्यवरांना द्या, फाइलला लावा. मुलांना जाते ती सूचना साधारण अशी असावी:

‘स्वरचित काव्यवाचन. शुक्रवार, २७ फेब्रुवारी २०२६, दुपारी १ ते ३. ग्रंथालयाचा वाचनकक्ष, पहिला मजला. कोणत्याही शाखेच्या प्रथम आणि द्वितीय वर्षासाठी. प्रत्येकी एक कविता, तीन मिनिटं. नावं बुधवार, २५ फेब्रुवारी, संध्याकाळी ५ पर्यंत मराठी विभागात द्यावीत. ऐकायला यायचं असेल तर नाव देण्याची गरज नाही. दुपारची प्रात्यक्षिकं नेहमीप्रमाणे होतील.’

यातली शेवटची दोन वाक्यं आम्ही पूर्वी कधीच लिहीत नव्हतो, आणि मुलांचे प्रश्न नेमके त्यावरच असायचे. नाव दिलेलं नसलं तर बसू देतील का? लेक्चर बुडालं तर हजेरी मिळेल का? ‘सर्वांनी उपस्थित राहावे’ या चार दशकं घासलेल्या वाक्याला यातलं काहीच सांगता येत नाही. सक्तीचं असेल तर सक्तीचं म्हणा, नसेल तर तसं लिहा.

दिवस एक, नाव भलतंच

दिनविशेषाच्या कार्यक्रमात फलकावरच घोटाळा होतो आणि फोटो मात्र कायमचा राहतो. कुसुमाग्रजांचा जन्मदिवस, २७ फेब्रुवारी, हा मराठी भाषा गौरव दिन. मराठी राजभाषा दिन १ मे रोजी, महाराष्ट्र दिनालाच. दर फेब्रुवारीत पाच-दहा कॉलेजांचे फलक तरी या दोन्हींची खिचडी करतात. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला ‘सी. व्ही. रामन यांच्या जयंतीनिमित्त’ लिहू नका. त्यांची जयंती ७ नोव्हेंबरला असते. २८ फेब्रुवारी हा १९२८ मध्ये लागलेल्या रामन परिणामाच्या शोधाचा दिवस. सावित्रीबाई फुले जयंतीचा बालिका दिन ३ जानेवारीला, राष्ट्रीय बालिका दिन २४ जानेवारीला. संविधान स्वीकारलं गेलं २६ नोव्हेंबर १९४९ रोजी, म्हणून संविधान दिन नोव्हेंबरात, आणि ते अमलात आलं २६ जानेवारी १९५० ला. एनएसएसचा स्थापना दिन २४ सप्टेंबर, वर्ष १९६९. फलक छापायला देण्याआधी मराठी किंवा इतिहास विभागातल्या कुणालाही एकदा दाखवा. पाच मिनिटं लागतात.

पोस्टर सुंदर, उपयोग शून्य

नोंदणीचा क्यूआर कोड पोस्टरवर टाकला आणि पोस्टर व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं. आता मुलगा त्याच फोनवर पोस्टर बघतोय, त्याच फोनने स्कॅन कसं करणार? गुगल लेन्स वगैरे वापरून जमतं, पण किती जण ती खटपट करतील? नोटीस बोर्डावर क्यूआर ठीक. मेसेजमध्ये मात्र चित्राखाली लिंक आणि तारीख-वेळ-स्थळ साध्या अक्षरांत लिहाच. आमच्याकडे एक दृष्टिहीन विद्यार्थी होता. त्याचा फोन मेसेज वाचून दाखवायचा, पण पोस्टर आलं की ‘फोटो’ एवढंच म्हणायचा. ते त्याने सांगेपर्यंत माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

मराठी फॉन्टचा घोळ अजून संपलेला नाही. ऑफिसच्या जुन्या संगणकावर श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये टाइप केलेली सूचना वर्डच्या फाइलमधून पाठवली, की समोरच्याच्या फोनवर ‘महाविद्यालय’च्या जागी रोमन अक्षरं आणि विरामचिन्हांचा कचरा उमटतो. क्लार्क म्हणतो, “माझ्याकडे तर बरोबर दिसतंय.” दिसणारच, फॉन्ट त्याच्याच मशीनवर आहे. जुनी फाइल पाठवायचीच असेल तर पीडीएफ करून पाठवा. नवीन सगळं युनिकोडमध्येच लिहा.

फॉर्म उघडत नाही, सर

ही तक्रार आली की बहुतेक वेळा तीनपैकी एक कारण असतं. पहिलं, तुम्ही घाईत पत्त्याच्या पट्टीतली लिंक उचलून पाठवलीत, म्हणजे फॉर्म संपादित करण्याची. फॉर्म भरणाऱ्यांसाठी वेगळी लिंक मिळते, ती द्यायची. दुसरं, फॉर्म कॉलेजच्या ईमेल खात्यावरून बनवलाय आणि तो फक्त कॉलेजच्याच खात्यांना उघडतो. प्रथम वर्षाच्या मुलांना ती खातीच अजून मिळालेली नसतात. तिसरं, फॉर्ममध्ये आयकार्डाचा फोटो जोडायला सांगितलाय. फाइल जोडायची म्हटली की गुगलमध्ये लॉगिन लागतं, आणि वडिलांच्या फोनवरून भरणारी मुलगी तिथेच अडकते. आयकार्ड कार्यक्रमाच्या दिवशी दारात बघा ना! उपाय एकच: लिंक पाठवण्याआधी ती आपल्या घरच्या खात्यावरून किंवा बायकोच्या फोनवरून उघडून बघा.

मुलीचा नंबर पोस्टरवर नको

‘संपर्क’ म्हणून विद्यार्थी प्रतिनिधींची नावं आणि मोबाइल नंबर छापायची पद्धत सर्रास आहे. ते पोस्टर गावभर फिरतं. आमच्या एका प्रतिनिधीला कार्यक्रम होऊन दोन महिने झाले तरी रात्री-बेरात्री अनोळखी फोन येत होते, शेवटी तिने सिम बदललं. तिच्या घरच्यांसमोर काय बोलावं ते मला सुचलं नाही. आता आमच्या पोस्टरवर फक्त विभागाचा ईमेल आणि ऑफिसचा नंबर असतो. लोकांना त्रास होतो जरा. होऊ दे.

तारीख ठरवताना एसटीचं वेळापत्रक बघा

सूचना कितीही चांगली असली तरी चुकीच्या वेळी ठेवलेला कार्यक्रम तरत नाही. आमच्याकडे सव्वापाचची गाडी सुटली की पुढची गाडी सात वाजता. त्यामुळे चारला सुरू होणाऱ्या कार्यक्रमात पावणेपाचला मुली एकेक करून उठतात आणि पाहुण्यांना वाटतं, आपण कंटाळवाणं बोलतोय. मुंबईत हीच गत रविवारच्या मेगाब्लॉकची. अंतर्गत परीक्षा, प्रात्यक्षिकं आणि शिष्यवृत्तीच्या अर्जांची शेवटची तारीख हेही बघून घ्या. महाडीबीटी या शिष्यवृत्तीच्या सरकारी पोर्टलच्या मुदतीच्या आठवड्यात सगळी मुलं सायबर कॅफेत असतात, तेव्हा वक्तृत्व स्पर्धा ठेवू नका.

वेळही खरी लिहा. ‘ठीक १० वाजता’ म्हणायचं आणि पाहुणे साडेअकराला यायचे, असं दोनदा झालं की तिसऱ्यांदा मुलंही साडेअकरालाच येतात. आम्ही दोन वेळा देतो: आसनस्थ होण्याची आणि सुरू होण्याची. पाहुण्यांना अर्धा तास आधीची सांगतो. हे पाहुण्यांना कळवू नका म्हणजे झालं.

‘सर्वांसाठी खुले’

हे दोन शब्द लिहिण्याआधी थांबा. कॉलेजच्या कार्यक्रमात रेकॉर्ड केलेली गाणी वाजवायला कॉपीराइट कायद्यात सवलत आहे, पण श्रोते विद्यार्थी, कर्मचारी, पालक आणि संस्थेशी संबंधित लोकच असतील तर. गावाला निमंत्रण दिलंत, तिकीट लावलंत, की परवान्याचा प्रश्न येतो. मैदानावर लाउडस्पीकर असेल तर पोलिसांची लेखी परवानगी हवी, आणि रात्री १० वाजता आवाज बंद. एकांकिकेचा जाहीर प्रयोग करणार असाल तर संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं, आणि ते आदल्या दिवशी धावपळ करून मिळत नाही. हे कागद हातात येण्याआधी तारीख जाहीर करणं म्हणजे पाहुण्यांना जेवायला बोलावून मग गॅस संपलाय का ते बघणं.

चूक झालीच तर

व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला मेसेज पंधरा मिनिटांत दुरुस्त करता येतो आणि साधारण दोन दिवसांपर्यंत सगळ्यांसाठी काढून टाकता येतो. पण तोवर तो पुढे गेलेला असतो, आणि पुढे गेलेल्यांवर तुमचा ताबा नाही. म्हणून नुसता काढून गप्प बसू नका. नवा मेसेज टाका आणि पहिल्याच ओळीत लिहा: ‘सुधारित सूचना क्र. २. आधीची १० तारखेची सूचना रद्द. स्थळ बदलले आहे, वेळ तीच.’ काय बदललं आणि काय बदललं नाही, दोन्ही सांगायचं. तेच पोस्टर नुसती वेळ बदलून पुन्हा पाठवलं तर कुणाच्याही लक्षात येत नाही, रंग तरी बदला. नंतर तो मेसेज पिन करा. पिन चोवीस तास, सात दिवस किंवा तीस दिवस राहतो, कार्यक्रमापर्यंत टिकेल तो पर्याय निवडा. आणि जुना कागद बोर्डावरून स्वतः जाऊन काढा. ‘काढायला सांगितलंय’ याचा अर्थ तो अजून तिथेच आहे.

सूचनावहीही विसरू नका. मामा वर्गात वही आणतात, शिकवणारे सर तास संपता संपता एका दमात वाचतात आणि सही करतात. मागच्या बाकांना ‘...यांनी नोंद घ्यावी’ एवढंच ऐकू येतं. वहीत तीन ओळींपेक्षा जास्त लिहू नका, आणि तारीख पहिल्या ओळीत.

हल्ली सूचना बाहेर पडण्याआधी मी ती मामांना वाचायला देतो. परवा त्यांनी काव्यवाचनाची दोनदा वाचली, चष्मा काढला आणि विचारलं, “सर, वाचनकक्षात तर त्या दिवशी दुपारी पुस्तक प्रदर्शन आहे ना?”